टीईआय हेडरमध्ये ग्रंथालयाची मार्क नोंद जशीच्या तशी ठेवायची का? (जुनी मासिकं, ठाणे)

नौपाडा_दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. टॅगांची नावं देवनागरीत लिहितेय, कारण इथे अँगल ब्रॅकेट टाकला की पुढची अर्धी ओळ गडप होते. समजून घ्या.

ठाण्यातल्या एका छोट्या ट्रस्टसाठी जुन्या मराठी मासिकांचे अंक टीईआय पी-५ मध्ये (मजकूर एक्सएमएलच्या टॅगांत मांडायची पद्धत) बसवायचं काम चालू आहे. माणसं दोनच. मी, आणि कळव्याहून येणारी एक मुलगी, जी फुटका टाइपही माझ्यापेक्षा लवकर वाचते. अंक एका वाड्यातून आले. वाडा रीडेव्हलपमेंटला गेला तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका कोणी न्याव्यात यावर घरात वाद झाला, आणि तो मिटावा म्हणून ट्रंका आमच्याकडे आल्या. १८८० च्या दशकापासून १९३० च्या पुढेपर्यंतचा माल आहे.

मजकुराचं ठीक चाललंय. अडलंय हेडरमध्ये, म्हणजे फायलीच्या डोक्यावर जिथे अंकाची माहिती जाते तिथे. एकाच मासिकाची माहिती आमच्याकडे तीन वाटांनी आली आहे. एका ग्रंथालयाने कोहामधून (त्यांचं तालिकेचं सॉफ्टवेअर) मार्क-एक्सएमएल काढून दिलंय, म्हणजे त्यांची मार्क नमुन्यातली तालिका-नोंद. स्कॅन करणाऱ्या मुलाने एक्सेल केलंय, त्यातले रकाने डब्लिन कोअरचे, म्हणजे शीर्षक, कर्ता, तारीख असे ढोबळ. आणि ज्या संस्थेच्या सर्व्हरवर हे सगळं जाणार आहे, तिला प्रत्येक अंकामागे मॉड्स (नोंदीचा आणखी एक एक्सएमएल नमुना) हवंय.

आमचे विश्वस्त काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, 'कागद एकाच फायलीत लागले पाहिजेत, सुटा कागद हरवतो.' म्हणजे तिन्ही नोंदी टीईआयच्या हेडरमध्येच घाला.

मी मार्कची नोंद पब्लिकेशन-स्टेटमेंटच्या खाली चिकटवून पाहिली. ऑक्सिजनमध्ये (आमचा एक्सएमएल एडिटर) लालभडक. मग नोट्स-स्टेटमेंटमध्ये एक नोट उघडून आत घातली, तरी तेच: 'रेकॉर्ड' हा एलिमेंट इथे चालत नाही. मग कळलं की झेनोडेटा नावाचा टॅग नेमका यासाठीच आहे. तोही लावला, आणि तरी लाल! त्यात एकदा वेगळाच एरर आला, एक्सएमएल नावाची प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन चालत नाही असा काहीतरी.

प्रश्न असे. झेनोडेटा नक्की कुठे बसतो आणि आत काय चालतं? आतला मजकूर कोणी तपासतं का? आणि खरी डोकेदुखी ही की नोंदी आपसात जुळत नाहीत. वर्ष पहिलं, अंक तिसरा, हा माझ्यासमोर टेबलावर आहे. मुखपृष्ठावर 'पौष शके १८०८'. एक्सेलवाल्या मुलाने त्यात ७८ मिळवून १८८६ लिहिलंय. मार्कच्या नोंदीत १८८७ आहे. शिवाय मार्कमध्ये मासिकाचं नाव रोमन लिपीत, वर रेघा आणि खाली टिंबं देऊन, आणि अंकावर ठसठशीत देवनागरी. एकाच फायलीत तिघं तीन गोष्टी सांगतायत. मी कोणाचं ऐकू?

घणसोली_स्लो

ताई, आधी लाल रंगाचं बघू, कारण ते सोपं आहे.

हेडरमध्ये फाइलडेस्क (फायलीचं आणि मूळ अंकाचं वर्णन) पहिला, आणि असलाच तर रिव्हिजनडेस्क (बदलांची नोंद) शेवटचा. या दोघांच्या मध्ये एन्कोडिंगडेस्क, प्रोफाइलडेस्क आणि झेनोडेटा राहतात. झेनोडेटा फाइलडेस्कच्या पोटात चालत नाही, रिव्हिजनडेस्कच्या नंतरही चालत नाही. एकाहून जास्त झेनोडेटा चालतात.

आत दोनपैकी एक गोष्ट ठेवता येते. साधा मजकूर, नाहीतर एकच एक्सएमएल एलिमेंट, जो टीईआयच्या नेमस्पेसमधला नसेल (नेमस्पेस म्हणजे टॅग कुठल्या घराण्यातला ते सांगणारं आडनाव). त्या एलिमेंटच्या पोटात वाटेल तेवढं असू दे, पण वरचं मूळ एकच हवं. म्हणून डब्लिन कोअरचे शीर्षक, कर्ता, तारीख असे सुटे टॅग रांगेत मांडलेत तर चालणार नाही. त्यांना आरडीएफचं किंवा ओएआय-डीसीचं वेष्टण लागतं. मार्क आणि मॉड्स दोन्ही ठेवायचे तर दोन वेगळे झेनोडेटा घ्या आणि दोघांना टाइप ॲट्रिब्यूट द्या, म्हणजे उद्या उघडणाऱ्याला आत न डोकावता कळेल.

आता तुमचे दोन एरर. प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनवाला असा येतो: कोहाने दिलेल्या फायलीची पहिली ओळ, एक्सएमएल व्हर्जन वन पॉइंट झिरोवाली, तुम्ही कॉपीत उचलली. ती ओळ फायलीच्या अगदी सुरुवातीलाच चालते, मध्ये कुठेही नाही. काढून टाका.

दुसरा जास्त छुपा आहे, आणि माझी पैज की झेनोडेटा लावूनही लाल राहण्याचं कारण तोच. कोहाच्या एक्सपोर्टमध्ये सगळ्यात बाहेर 'कलेक्शन' असतं आणि मार्कच्या नेमस्पेसची घोषणा साधारणपणे त्याच्यावर असते. आत 'रेकॉर्ड' नुसता असतो. तुम्ही फक्त रेकॉर्ड उचललात, म्हणजे पाहुणा घरात आला पण आडनाव फाटकाबाहेर राहिलं. टीईआय फायलीची डिफॉल्ट नेमस्पेस टीईआयची, त्यामुळे तो रेकॉर्ड आपोआप टीईआय घराण्यातला ठरला. आणि टीईआयमध्ये रेकॉर्ड नावाचा एलिमेंट या जागी नाहीच. व्हॅलिडेटर ओरडणारच. कलेक्शनवरची एक्सएमएल-एनएस घोषणा उचलून रेकॉर्डवर ठेवा. लाल जाईल.

महापे एमआयडीसीत परदेशी जर्नलं एसजीएमएलमधून एक्सएमएलमध्ये आणायच्या एका दुकानात मी बरीच वर्षं काढली. रात्रपाळीला आलेले दहातले आठ एरर याच जातीचे असायचे. नेमस्पेस डोळ्यांना दिसत नाही हीच तिची खोडी. टॅग तोच, स्पेलिंग तेच, आणि मशीन म्हणतं मी याला ओळखत नाही. नवीन पोरं तासभर स्पेलिंग तपासत बसायची.

तपासणीचं म्हणाल तर, टीईआयची स्कीमा, म्हणजे तपासणीची नियमावली, झेनोडेटाच्या आत डोकावत नाही. वेल-फॉर्म्ड आहे (टॅग नीट उघडले-मिटलेत), नेमस्पेस परकी आहे, संपलं. आत २४५ क्रमांकाचं शीर्षकाचं फील्ड रिकामं असलं तरी फाइल हिरवी. म्हणून चार ओळींची एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी स्क्रिप्ट) लिहून रेकॉर्ड बाहेर काढा आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मार्क-एक्सएमएल स्कीमावर वेगळा तपासा. तीही फक्त सांगाडा बघते, शीर्षक आहे की नाही ते बघत नाही. त्यासाठी स्कीमाट्रॉनचा एक नियम लावा. हिरवा रंग दिसला म्हणून मार्क बरोबर आहे असं काकांना सांगू नका, ते लेखी मागतील.

आता कोणाचं ऐकायचं.

माझं मत ठाम आहे. झेनोडेटात तेच ठेवा जे तुम्ही केलेलं नाही आणि तुम्ही कधी दुरुस्त करणार नाही. दुसऱ्याने दिलेली नोंद, दिली तशी. तिथे जे दिसेल ते 'अमक्या ग्रंथालयाचं म्हणणं असं होतं' एवढंच, तुमचं म्हणणं नव्हे. तुमचं म्हणणं फाइलडेस्कमध्ये, टीईआयच्या भाषेत. वेबसाइट, शोध, यादी, सगळं तिथूनच उचललं गेलं पाहिजे.

या फूटपट्टीने तुमचे तीन कागद लावा. मार्क दुसऱ्याने केलंय, ते ठेवण्यासारखं. मार्क १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम यांनी संगणकाच्या टेपांसाठी उभं केलं. दिसायला कुरूप आहे, पण बारकावा भयंकर. फील्ड, त्याचे दोन इंडिकेटर, सबफील्ड. त्याचं टीईआय केलंत तर काही ना काही गळतंच, म्हणून मूळ जवळ असलेलं बरं. मॉड्स तुम्ही देणार आहात, तुम्हाला कोणी दिलेलं नाही. ते टीईआयवरून एक्सएसएलटीने दर वेळी ताजं काढा आणि पाठवा. फायलीत साठवलंत तर एका बाजूला दुरुस्ती झाली की दुसरी बाजू शिळी, आणि सहा महिन्यांनी कुठली ताजी ते कोणी सांगू शकणार नाही. एक्सेलचं डब्लिन कोअर तर तुमच्याच स्कॅनवाल्या मुलाने भरलंय. १९९५ साली ओहायोतल्या डब्लिनमध्ये झालेल्या बैठकीतून निघालेली ती पंधरा घटकांची यादी, मुद्दाम ढोबळ ठेवलेली. त्यात जे आहे ते सगळं टीईआयमध्ये जास्त नीट मावतं. मावलं की एक्सेलला हेडरमध्ये जागा नाही.

राहिला शके १८०८. मुलाने ७८ मिळवले ते चैत्र ते कार्तिक या महिन्यांना नेहमी चालतं, मार्गशीर्षाला बहुतेक वेळा. पौष बहुधा दोन इसवी सनांवर पाय देऊन उभा असतो. शके १८०८ चा पौष डिसेंबर १८८६ च्या शेवटी लागतो आणि जानेवारी १८८७ मध्ये संपतो. तेव्हा फाइलडेस्कच्या पोटातल्या सोर्सडेस्कमध्ये, बिबलमधल्या डेट टॅगच्या आत मजकूर 'पौष शके १८०८' असाच, छापला तसा ठेवा. नॉट-बिफोर १८८६-१२, नॉट-आफ्टर १८८७-०१. कॅलेंडर ॲट्रिब्यूट प्रोफाइलडेस्कमधल्या शकाच्या वर्णनाकडे वळवा. अंक कोणत्या तिथीला बाहेर पडला ते छापलेलं असेल तरच पुढे जा, नाहीतर इथेच थांबा.

कपाट_सात

मी ठाण्यातल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तालिकीकरण हेच रोजचं काम. वर घणसोलीकरांनी एक्सएमएलचं सांगितलं ते पटलं, पण नोंद बघायच्या आधीच ती आत ठेवायला निघालात तुम्ही दोघं.

नौपाडा मॅडम, त्या रेकॉर्डमध्ये सगळ्यात वर लीडर नावाची चोवीस अक्षरांची ओळ असेल. सुरुवातीच्या आकड्यांनंतर बहुतेक 'एन-ए-एस' अशी अक्षरं दिसतील. मोजणी शून्यापासून करायची. सातव्या स्थानावर 'एस' असेल तर ती नोंद नियतकालिकाची आहे. म्हणजे संपूर्ण मासिकाची, पहिल्या अंकापासून बंद पडेपर्यंत. तुमच्या टेबलावरच्या पौषाच्या अंकाची नाही. ग्रंथालय मासिकाच्या प्रत्येक अंकाला वेगळी मार्क नोंद सहसा करत नाही. अंक होल्डिंगमध्ये, म्हणजे कोणते अंक आमच्याकडे आहेत त्या यादीत, जातात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ती नोंद प्रत्येक अंकाच्या फायलीत घालणं चूक आहे. टीईआयमध्ये अंकांना एकत्र बांधणारा टीईआय-कॉर्पस असतो ना, त्याला स्वतःचा हेडर असतो. मार्क तिथे, एकदाच. अंकाच्या हेडरमध्ये अंकाचं तेवढं.

दुसरं असं की ते १८८७ तुमच्या अंकाचं वर्षच नव्हे. ००८ फील्डमध्ये सातव्या ते दहाव्या स्थानावर जे वर्ष असतं, ते नियतकालिकाच्या बाबतीत प्रकाशन सुरू झाल्याचं. मग प्रश्न असा की मासिक १८८७ मध्ये सुरू झालं हे त्या ग्रंथालयाने कशावरून लिहिलं? ५८८ किंवा जुन्या नोंदीत ५०० फील्ड बघा. 'अमुक अंकावरून वर्णन केले' अशी टीप असते. त्यांच्याकडे पहिला अंक नसेल तर हाती होता त्यावरून त्यांनी लिहिलं असणार. तुमच्या ट्रंकेत पहिला अंक आहे का?

आणि एक मतभेद. आमची नोंद चालती असते. आज रोमन शीर्षक आहे, उद्या कोणीतरी ८८० फील्डमध्ये देवनागरी जोडेल. तुम्ही आजची प्रत गोठवून ठेवली की लोक तीच आमची म्हणून वाचत बसतात, आणि फोन आम्हाला येतात. माझ्या मते कॉर्पसच्या हेडरमध्ये फक्त कंट्रोल नंबर ठेवा, ००१ मधला, सोबत ००३ मधला संस्थेचा कोड. आयडीनो टॅग आहेच. ज्याला हवं तो येऊन ताजी नोंद घेईल.

भाषेचा कोडही लगेच बघून ठेवा. मार्कमध्ये मराठी 'एम-ए-आर' असं तीन अक्षरी, टीईआयच्या एक्सएमएल-लँगमध्ये 'एम-आर' असं दोन अक्षरी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकाचं पाहून दुसऱ्यात 'दुरुस्ती' करणारे उत्साही लोक असतात.

घणसोली_स्लो

लीडरचं मॅडम बरोबर बोलल्या. मी नेमस्पेसच्या नादात तिकडे गेलोच नव्हतो. कॉर्पसचा हेडर हीच जागा.

पण नुसता नंबर ठेवण्याला माझा विरोध. नंबर चालतो तोवर चालतो. ग्रंथालयाने सॉफ्टवेअर बदललं, मायग्रेशनमध्ये ००१ नव्याने पडले, की तुमचा आयडीनो कशाकडेच बोट दाखवत नाही. हे होताना मी पाहिलंय, आणि तेव्हा ज्यांनी नोंद पोटात ठेवली होती तेच वाचले. शिळी नोंद लोक ताजी समजतात ही तक्रार खरी आहे, तिला उत्तर ००५ फील्ड. त्यात नोंद शेवटची कधी हलली त्याची तारीख आणि वेळ असते, सेकंदापर्यंत. नोंद ठेवा, ००५ मुळीच काढू नका, आणि रिव्हिजनडेस्कमध्ये चेंज टॅग लावून लिहा की अमुक दिवशी अमुक ग्रंथालयाकडून नोंद मिळाली, तशीच ठेवली आहे. वाचणाऱ्याने एवढं वाचलं नाही तर त्याला आपण काय करणार.

आयडीनोही ठेवा. त्याचं माझं भांडण नाही.

कपाट_सात

००५ सकट ठेवणार असाल तर माझी हरकत अर्धी कमी झाली. उरलेली अर्धी राहू दे.

नौपाडा_दुसरा_मजला

तुम्हा दोघांचे आभार. नेमस्पेसची घोषणा रेकॉर्डवर आणून ठेवली, लाल गेलं. काकांना फोन केला तर म्हणाले, 'म्हणजे मूळ पावती लावून ठेवायची आणि खतावणी आपली.' त्यांना पटलंय.

लीडर पाहिला. 'एन-ए-एस' आहे. ५८८ नाही, पण ५०० मध्ये टीप सापडली, वर्णन वर्ष पहिलं, अंक चौथा यावरून केलंय. आणि आमच्या ट्रंकेत पहिला अंक नाही, पण दुसरा आहे! मार्गशीर्ष शके १८०८. कव्हर अर्धं गेलंय, वाळवीने डावी बाजू साफ केली आहे, पण महिना आणि शक शाबूत आहेत. मागच्या पानावर वर्गणीचे दर आणि खाली 'टपालहंशील निराळा'. म्हणजे मासिक १८८६ मध्येच सुरू झालं होतं ना? तो मार्गशीर्ष तर जानेवारीत जात नाही.

मग ग्रंथालयाचं १८८७ चुकलंय हे स्पष्ट असताना झेनोडेटात तसंच ठेवायचं? हात शिवशिवतोय.

घणसोली_स्लो

हात आवरा. शके १८०८ चा मार्गशीर्ष अख्खा १८८६ मध्येच पडतो, शंका नाही. पण बदल फाइलडेस्कमध्ये करायचा. तिथे मासिकाची सुरुवात १८८६ लिहा, आणि कशावरून ते नोटमध्ये एका वाक्यात: ट्रस्टकडील अंक दुसरा, मार्गशीर्ष शके १८०८. झेनोडेटात १८८७ राहू दे. तिथे तुम्ही १८८६ केलंत तर ००५ मधली तारीख खोटी पडते, ग्रंथालयाने न लिहिलेलं त्यांच्या नावावर जातं, आणि तुम्ही काय शोधून काढलंत त्याचा मागमूसही राहत नाही. दोन्ही शेजारी असले की पुढचा माणूस बघेल, अरे, इथे एक वर्षाचा फरक आहे, का बरं? आणि नोट वाचेल.

रोमन शीर्षकाचंही तेच. देवनागरी शीर्षक तुमच्या टायटलस्टेटमेंटमध्ये, अंकावर आहे तसं, जुन्या अनुस्वारांसकट.

कपाट_सात

आणि त्या ग्रंथालयाला कळवा हो! दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो जोडून एक ईमेल. आम्हाला कोणी असं कळवलं तर आम्ही चहा पाजतो. १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या गावात उभं आहे, तिथे एवढी देवाणघेवाण व्हायला हरकत नाही. त्यांनी दुरुस्ती केली की नव्या ००५ सह नवीन नोंद मागून घ्या. जुनी काढायची की दोन्ही ठेवायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर जुनी काढली असती.

पनवेल_पायथन

मध्येच तोंड घालतो. एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक अंकाशेजारी एक जेसन फाइल ठेवा, त्यात मार्क, मॉड्स, डीसी सगळं. टीईआय स्वच्छ राहील. आणि फायलीच्या आतच हवं असेल तर झेनोडेटात जेसन पण चालतं ना?

दुसरं म्हणजे, ज्यांनी झेनोडेटा वापरलंय त्यांच्या साइटवर मी एक गंमत पाहिली आहे. शोधात मासिकाचं नाव दोनदा येतं, आणि एका पानाच्या डोक्यावर 'शून्य शून्य शून्य एनएएस' असा कचरा. तो बहुधा हाच लीडर असावा.

घणसोली_स्लो

जेसन चालतं, मजकूर म्हणून. अँपरसँड आणि लेस-दॅन यांची काळजी घ्यायची किंवा सरळ सीडेटात गुंडाळायचं. पण एक्सपाथला (एक्सएमएलमध्ये शोधायची भाषा) आतलं काही दिसत नाही, ते नुसतं एक लांब वाक्य उरतं. मूळ जेसनमध्येच आलं असेल तर ठेवा. मार्क-एक्सएमएलचं जेसन करून ते एक्सएमएलमध्ये कोंबण्यात काय हशील? आणि स्कॅनांचा ट्रिपल-आय-एफ मॅनिफेस्ट (साइटवर स्कॅन दाखवण्यासाठीची यादी) घालायची कल्पना कोणाला सुचत असेल तर नको, तो रोज बदलतो. त्याचा पत्ता पुरे.

शेजारी फाइल ठेवण्याबद्दल: काकांचं 'सुटा कागद हरवतो' हे मी महाप्यात रोज बघितलंय. मजकुराची फाइल पन्नास ठिकाणी जाते, शेजारची तिथेच राहते.

साइटवरचा कचरा मात्र खरा आहे आणि ताईंनाही तो भेटणार. एक्सएसएलटीचे बिल्ट-इन नियम ज्याला टेम्पलेट नाही त्या एलिमेंटचा मजकूर सरळ ओतून मोकळे होतात. झेनोडेटासाठी एक रिकामं टेम्पलेट लिहा, लीडर दिसायचा बंद होईल. आणि शोधाचं इंडेक्सिंग टीईआयच्या टेक्स्ट एलिमेंटपासून करा, फायलीच्या मुळापासून नको. दोनदा नाव येतं त्याचं कारण कोणीतरी एक्सपाथमध्ये लोकल-नेम वापरून 'टायटल' शोधलेलं असतं. नेमस्पेसला बगल द्यायची म्हणून ही युक्ती सगळे शिकतात, आणि मग टीईआयचं टायटल, मॉड्सचं टायटल, डीसीचं टायटल, सगळी एका जाळ्यात. प्रीफिक्स बांधा आणि नेमस्पेससकट विचारा. दोन ओळी जास्त लागतात.

नौपाडा_दुसरा_मजला

रिकामं टेम्पलेट टाकलं. ईमेलही गेला, फोटोसकट.

एकच शेवटचं. सर्व्हरवाल्या संस्थेने क्रिएटिव्ह कॉमन्सचा एक आरडीएफ तुकडा पाठवलाय, प्रत्येक फायलीच्या झेनोडेटात घाला म्हणून. हा दुसऱ्याने दिलेला, म्हणजे ठेवायचा?

कपाट_सात

दिला त्यांनी, पण बोलतोय तुमच्या वतीने. परवाना तुम्ही देणार, म्हणून त्याची जागा पब्लिकेशन-स्टेटमेंटमधल्या अव्हेलेबिलिटीत, लायसन्स टॅगमध्ये. मशीनला वाचायला आरडीएफ हवंच असेल तर तिथून काढून द्या, मॉड्ससारखं.

आणि सरसकट प्रत्येक फायलीत एकच तुकडा नकोच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. निनावी लेखाला प्रकाशनापासून साठ. १८८६-८७ च्या अंकांना काही अडचण येण्याचं कारण दिसत नाही. तुमच्या ट्रंकेतल्या १९२०-३० च्या अंकांचं वेगळं. तेव्हा पंचविशीत लिहिणारा लेखक १९७० मध्ये वारला असेल तर त्याचा लेख २०३० च्या अखेरपर्यंत त्याच्या वारसांचा. एकाच अंकात एक लेख मोकळा, शेजारचा बांधलेला, असं होणार. त्या अंकांना लेखागणिक लेखकाचं नाव आणि मृत्यूचं वर्ष अशी यादी आधी करा, लायसन्स टॅग त्यानंतर. सर्व्हरवाल्यांना तोवर थांबायला सांगा.